घुं

उद्घाटनाला आठ दिवस. नाग नदीच्या काठावर
नव्या हॉलात इंजिनीअर फुगे फोडून राहिला.
एक फोडते, अन् कान देऊन उभा राहते.
"दीड सेकंद," म्हणते, "आवाज दीड सेकंद टिकते इथं."
मी विंगेत, अठरा पेट्या उघड्या टाकून.
शिकणाऱ्या पोरांसाठी नव्या कोऱ्या आल्या, सगळ्या बेसूर.

दीड सेकंद पुष्कळ झाला, बाबू.
माझी माय इथंच सूत धुवायची.
लाल सुताच्या दिवशी नदी लाल,
हिरव्याच्या दिवशी हिरवी.
आम्ही पोट्टे पुलावरून सांगायचो
कोणाच्या मागावर कोणतं लुगडं चढलं.

आता काच उघडत नाही.
बरंच आहे. मे महिन्यात
नाकाला रुमाल न लावता हा पूल ओलांडून दाखवा.

तिसऱ्या दिवशी त्याला घुं ऐकू आली.
एसी बंद केला. लिफ्ट थांबवली.
चौकीदार मडावीचा मोबाइलसुद्धा काढून घेतला.
घुं तशीच.
पेटीवाल्याला कोण विचारते?

मी खर्जातली पांढरी पाच घासत होतो.
पत्ती वर येऊ लागली तशी घुं तिच्याशी भांडायला लागली,
वंव वंव वंव,
मग सावकाश, वंव… वंव…
मग भांडण मिटलं.
भात्यावरचा लाकडाचा भुसा नुसता थरथरत राहिला.

तेव्हा समजलं. पायऱ्यांखालचा पंप.
गावाचं घाण पाणी उपसते, धुते, परत सोडते.
रात्रंदिवस एकच सूर, पांढरी पाच, केसभर चढी.

मी सांगितलं. तो हसला नाही, हे खरं.
फोन लावला: "उद्घाटनाला दोन तास बंद ठेवता येईल का?"
पलीकडून कोणीतरी विचारलं,
अन् दोन तास पाणी कुठं ठेवू साहेब?

सतरा पेट्या मीटरवर लावल्या, काटा मधोमध.
अठरावीची पाच पंपावर ठेवली.
खूण केली नाही. बिल अठराचंच दिलं.

ज्याच्या वाट्याला येईल त्याला
मास्तर पहिल्याच आठवड्यात रागावतील.
रागावू दे.
एखाद्या संध्याकाळी वर्ग सुटल्यावर
तो एकटा मागं राहील, भाता भरेल,
अन् पाचवर बोट ठेवून
दार लावायचं विसरून जाईल.