दोन नावांचा

तंबूच्या मेखा या वर्षीही घरी राहिल्या.
उर्मास म्हणाला, तू घेणार होतीस.
मी म्हणाले, तू.
मग त्यानं चाकूनं बर्चच्या आठ काटक्या तासल्या
आणि दगडानं ठोकल्या,
एकेक, गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात.
कुत्रा मधोमध बसून होता,
कुणाची बाजू घ्यावी ते न कळून.

कुत्र्याला दोन नावं आहेत.
तार्तूच्या निवाऱ्यातून आणला तेव्हा
कागदावर नुसता आकडा होता, एकशे सतरा.
परतताना एका ट्रॅक्टरमागे अडकलो होतो,
तिथे मी म्हणाले, मुरी.
तो म्हणाला, पोंटू. आमच्याकडे सगळे पोंटूच असायचे,
आजोबांपासून.
मी म्हणाले, मग आजोबांनाच हाक मार.
सहा वर्षं झाली.
जेवायला मुरी येतो, फिरायला पोंटू जातो.
जनावरांच्या डॉक्टरांच्या वहीत तिसरंच काहीतरी आहे.

जूनमध्ये इथे रात्र पडतच नाही.
सूर्य दलदलीच्या कडेला जाऊन थांबतो,
निरोप घेऊनही दारात रेंगाळणारा पाहुणा
एक पाय चपलेत घालून
बोलत राहतो तसा.
आम्ही काळ्या पावावर धुरावलेली मासळी खाल्ली,
वर शेपूची काडी.
डासांनी आम्हाला खाल्लं.
चहात पाइनची एक सुई पडली,
ती तशीच राहू दिली.

बोलायचं होतं. त्यासाठीच तर आलो होतो.
घरात बोलता येत नाही, घर ऐकत असतं,
आणि विषय घराचाच:
विकायचं का,
आणि तालिनमधल्या तिसऱ्या मजल्यावर
हा एवढा थोरला जीव
मावायचा कसा.
तंबूत शिरलो, पाठीला पाठ लावली.
विषय उशाशी पडून राहिला.

घड्याळात एक वाजला होता, आभाळात संध्याकाळ.
तंबूची चेन उघडी,
खालून, एका नाकाएवढी.
आमच्यामधली जागा गार.

फळ्यांच्या वाटेनं निघालो.
फळ्या एका माणसाच्या रुंदीच्या,
तो पुढे, मी मागे.
दोन्हीकडे शेवाळाच्या गाद्या
आणि गादीखाली काय, ते विचारायचं नसतं.
धुकं कमरेपर्यंत. कापूसगवताची बोंडं
धुक्याहूनही पांढरी.
वाटेला फाटा फुटला तिथे आम्हीही फुटलो.

मुरी!
दलदलीनं हाक गिळली.
मुरी!
आणि मग, काही न ठरवता,
पोंटू.
जीभ अडखळली.
शेजारच्याची किल्ली चुकून
आपल्या दाराला लागावी, तसं झालं.
पोंटू! अरे पोंटू!

तेवढ्यात धुक्यापलीकडून
उर्मासचा आवाज आला,
बसका, लाजलेला, कुणी ऐकत नसेल अशा भरवशाचा:
मुरी... ये रे... मुरी...

मी फळीवरच बसले.
हसू होतं की दुसरं काही, सांगता येणार नाही.
कुठेतरी क्रौंचांचं जोडपं एका दमात ओरडलं
आणि गप्प झालं.

तो ना मुरीला आला, ना पोंटूला.
आम्ही परतलो तेव्हा तंबूत होता,
पोटापर्यंत चिखल,
उर्मासच्या पांघरुणावर आडवा,
मासळीचा कागद पुढच्या दोन पायांत धरून.
शेपटी एकदाच आपटली त्यानं.
आम्ही दोघांनी मिळून त्याला शिव्या घातल्या,
कुठल्याच नावानं नाही.

घराचं आता पुढच्या रविवारी बघू.

सकाळी डिकीत, सरपणाच्या पोत्याखाली,
मेखा सापडल्या.
खडखडू नयेत म्हणून कुणीतरी
माझ्याच जुन्या शालीत गुंडाळून ठेवल्या होत्या.
मी पोतं पुन्हा वर सरकवलं.
तिकडे उर्मास बर्चच्या काटक्या
मातीतून हळूच उपटत होता, पुसत होता,
पुढच्या वर्षासाठी जपून ठेवत होता.
त्याला अजून सांगितलेलं नाही.