वरचे सात

युनिट विल्होळीला हललं.
नोटीस बोर्डावर चार ओळी, खाली सही,
तारीख संक्रांतीनंतरची.
त्यात हे नव्हतं की माझी सायकल
बावीस वर्षं चारच किलोमीटर ओळखते,
श्रमिकनगर ते जुनं गेट,
तेही डोळे मिटून.

पहिल्या सोमवारी लवकर निघाले
आणि तरी उशिरा पोचले.
सानप वॉचमननं घड्याळाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, मग सायकलकडे,
आणि रजिस्टरात आठ दहाच्या जागी आठ लिहिलं.
मी काही बोलले नाही.
बोलायला दम कुठे होता.

रात्री मांड्या आपापसात बडबडत राहिल्या.
सकाळी कठडा धरून जिना उतरताना
पोरानं बघितलं. म्हणाला,
मम्मी, उद्यापासून मी सोडतो गाडीवर.
तो दहाला उठतो.

सीट वर घ्या, म्हणाला रमजानभाई,
गरवारे पॉइंटजवळचा, पंक्चर काढता काढता.
एवढी वर्षं गुडघे मुडपूनच चालवली तुम्ही, ताई.
एक इंच.
बावीस वर्षं मी एक इंच खाली बसून
पायडल मारत होते
आणि कुणाला, मलासुद्धा, ते दिसलं नाही.
पाना फिरवायला त्याला अर्धं मिनिट लागलं.
त्याचे पैसे घेतले नाहीत, पंक्चरचेच घेतले.

आता कळतं थोडं थोडं.
अंबडच्या एका गल्लीत बिस्किटं भाजल्याचा वास,
पुढच्याच गल्लीत जळकं रबर,
श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं.
पांडवलेण्याचा डोंगर आधी समोर असतो,
मग डाव्या खांद्याशी,
मग पाठीवर, कुणी हात ठेवल्यासारखा.
पोराच्या जुन्या मोज्यांची टोकं कापून
मी हातमोजे केलेत.
डबा हँडलला लावला तर आमटी सांडते,
म्हणून कॅरिअरला,
सुतळीचे दोन वेढे, वर रबर.

पण गॅस बंद केला का, ही शंका
पूर्वी घरापासून गेटपर्यंत बरोब्बर पुरायची.
आता ती एक्स्लो पॉइंटलाच संपते.
भिशी, किराणा, शेजारणीचा टोमणा,
सगळं गरवारेच्या अलीकडे उरकतं.
पुढे हायवेच्या कडेचा रस्ता
आणि डोक्यात काहीच नाही.
ह्याची सवय नव्हती मला.
रिकामं डोकं घेऊन बाईनं जायचं कुठे?

काही दिवस पाढे म्हटले.
सतराचा अजून नीट येत नाही.
मग एका सकाळी, विल्होळीच्या चढावर,
दर्शना आली.
म्हणजे ती नाही, ती पुण्यात आहे,
तिच्या लग्नाच्या आदल्या रात्री मी तिला
जे बोलले ते.
दोन वर्षं घरात मी ते कशाखाली ठेवलं होतं
कोण जाणे, चार किलोमीटरांत कधी सापडलं नाही.
मी उतरले, सायकल ढकलू लागले.
ते पण उतरलं, बाजूनं चालत आलं.

तेव्हापासून रोज त्या चढावर
मी तिला फोनवर काय म्हणायचं ते जुळवते.
सोमवारी त्यात 'चुकलं' आलं.
बुधवारी त्यातला 'पण' गळाला.
गुरुवारी चेन पडली, बोटं काळी झाली,
ट्रकवाल्यानं हॉर्न मारला,
आणि सगळं पुन्हा पहिल्या शब्दापासून.

काल सानपनं सात पंचावन्न लिहिलं.
खरंच सात पंचावन्नच झाले होते.

आता ऑफिसनं बसचा फॉर्म दिलाय.
आमच्या कोपऱ्यावर सव्वासातला,
पगारातून साडेचारशे कापणार.
वाल्मीक म्हणतो, भरून टाका ताई,
गुडघे म्हातारपणी लागतील.
खोटं नाही त्याचं.
फॉर्म डब्याखाली खोचलाय,
नावाच्या रकान्यावर आमटीचा डाग.
चढाला अजून दोनदा थांबते, आधी चारदा थांबायचे.
बुधवारी भरते, म्हटलं त्याला.
कुठल्या बुधवारी, ते त्यानं विचारलं नाही.