काळी वायर

झेन कधी सुरू होते, कधी नाही.
नाही होत तेव्हा फक्त टक्.
एकच, बॉनेटच्या आत कुठेतरी,
कुणी कडी वाजवून निघून जावं तशी.

द्वारकेच्या कदीर मिस्त्रीनं बॅटरी बदलली.
मग स्टार्टर उतरवला, जुने ब्रश माझ्या तळव्यावर ठेवले,
शाळेतल्या उरलेल्या खडूएवढे.
त्याच्या गॅरेजात ती एकदाही अडली नाही.
"मॅडम, एकदम ओके," तो म्हणाला,
आणि गंगापूर रोडला, लेकीच्या होणाऱ्या सासरी,
सगळे निरोपाला फाटकात, हात वर,
टक्.
हात तसेच वर.

विश्राम म्हणतो, विकून टाकू.
दिवाळीपासून तो सगळ्यालाच म्हणतो:
शिलाई मशीन, ओझरचा प्लॉट, आता ही.
मी बावीस वर्षं अंबडला टेस्टिंग बेंचवर काढली.
विकणं ही दुरुस्ती नव्हे,
एवढं तरी मला कळतं.

किराण्याच्या वहीची मागची पानं घेतली.
पाच जानेवारी, सकाळी सहा, आठ अंश, बोटं बधिर: झाली.
त्याच दिवशी, त्र्यंबकहून तापून आल्यावर: झाली.
बारा तारीख, पांडवलेणीच्या पायथ्याशी: नाही.
अर्धी टाकी, पाव टाकी, रिझर्व्ह.
महिना भरला. थंडीचा दोष नाही, उन्हाचा नाही.
मग एका रात्री चष्मा पुसताना दिसलं:
"नाही"च्या पाचही ओळी चढावरच्या.
गंगापूर रोडचं ते फाटकसुद्धा.

रविवारी सोसायटीच्या रॅम्पवर नाक वर करून लावली.
चाकांमागे विटा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक.
चावीला दुसऱ्या मजल्यावरची अल्फिया, नववीतली.
मी बॉनेटखाली,
मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर,
दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर.
"मार."
झाली.
बंद कर. मार. झाली.
गॅलरीतून पगारेवहिनी: "अहो, होतेय की चालू!"
सात वेळा झाली.
जन्मात पहिल्यांदा मी तिला विनवत होते,
नको होऊस गं,
माझ्यासमोर एकदा तरी नको होऊस.

आठव्यांदा
टक्.
"आंटी, नाही झाली!"
लेकीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मी इतकी हसले नव्हते.
"सोडू नको चावी, धर!"
मीटरवर चार पॉइंट एक.
तिथे शून्याच्या आसपास हवं.

लाल वायरीला सगळ्यांनी विचारलं होतं.
लाल नवी, जाड, क्लिपा बसवलेली.
काळीला कुणीच नाही.
वीज निघते कुठून ते सगळे बघतात,
तिला परतही यायचं असतं.
खाली वाकले. इंजिनपासून बॉडीपर्यंत अर्थिंगची वायर,
आवरण शाबूत, वर धूळ.
सोललं तर हिरवी पूड
आणि तीन तारा.
बाकीच्या कधीच्या तुटलेल्या, टोकाला टोक टेकवून बसलेल्या.
चढावर इंजिन बोटभर मागे कलतं,
तेवढ्यानं कधी सुटायच्या, कधी नाही.

शालिमारहून नवी आणली, ऐंशी रुपये.
दहाचा पाना, पॉलिश पेपर, अर्धा तास.
अल्फियानं सलग वीस वेळा मारली,
शेवटच्या पाच उगाच.

रात्री जुनी वायर ओट्यावर ठेवून
मीटरच्या पिना दोन टोकांना लावल्या.
बीप. लांब, सरळ, न अडखळता.
मीटरच्या मते काहीच बिघडलेलं नाही.
त्याच्या एवढ्याशा करंटला तीन तारा पुरतात.
भार पडेपर्यंत पुरतातच.

"काय वाजतंय?" विश्रामनं आतून विचारलं.
"काही नाही. ही म्हणतेय, ठीक आहे."
तो दारात आला, पाणी प्यायला,
पेला विसळून पालथा घातला.
"तुझं बरंय ना?" मी विचारलं.
"बरंय की," तो म्हणाला. लगेच.
फार लगेच.

मी मीटर बंद केला नाही.