डावं मागचं

बाकीची पाच चाकं धरून होती.
डावं मागचं कधी कधी सकाळी गुडघ्यावर आलेलं दिसायचं,
वरातीत रात्रभर नाचून आलेल्या माणसासारखं.

लष्कराच्या लिलावातला ट्रक. केबिनमध्ये एक बटण,
दाबलं की चालत्या चाकांत हवा भरणारं,
चिखलात कमी, डांबरावर जास्त.
मालकानं त्या बटणापायी बोली वाढवली होती.
पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सचं तेल घेऊन आम्ही
चाळकेवाडीच्या सड्यावर, जांभ्याच्या धारेवरून,
आणि कॉम्प्रेसर दिवसभर घरघरत:
भरतोय, भरतोय.
काटा साठावरून पंचावन्न. पंचावन्नवरून चाळीस.

मी व्हॉल्व्ह बदलला. पाइप बदलला.
पोवई नाक्यावरून पितळी जोड आणले, तेही बदलले.
साबणाचं पाणी सोडलं एकेका जोडावर
आणि उकिडवा बसलो बुडबुड्याची वाट बघत.
एक आला.
तो माझ्याच ब्रशाचा होता.
शेवटी टायरला लाथ घातली.
टायरनं ती मऊपणानं घेतली.

मग वायदंडे हवालदारांना फोन.
ते एसटीनं आले, पिशवीत तीन पाने, टॉर्च,
आणि कागदात बांधलेली उकडलेली अंडी.
उजवा कान तोफांपाशी राहिलेला, जैसलमेरकडे कुठंतरी.
डावा निम्मा.
'रोज बसते?'
'रोज नाही. आठवड्यातून तीनदा.'
'मग चाक कुठल्या अंगावर निजतं ते बघितलंस?'

नव्हतं बघितलं.
मी काटा बघितला होता, पाइप बघितले होते,
चाकावरची गंजून बसलेली तोटीसुद्धा.
ते कसं निजतं, हे कुणी बघतं का?

जॅक लावला. टायरवर खडूची रेघ मारली.
सड्यावर वारा असा की साबणाचा फेस
भांड्यातूनच उडून चालला,
डोक्यावर पाती घुम् घुम्,
आणि आम्ही दोघं त्या सगळ्या वाऱ्यात
सुईएवढी हवा शोधत बसलेलो.
ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांना तर नाहीच.
त्यांनी जिभेनं खालचा ओठ ओला केला
आणि तोंड चाकाच्या तुंब्यापाशी नेलं,
झोपलेल्या पोराचा श्वास बघतात तसं.
'ढकल. वीतभर.'
ढकललं.
'अजून वीतभर.'
रेघ खाली गेली, दगडाच्या बाजूला.
'थांब. इथं गार लागतंय.'

नळकांडं उभं, चाक फिरतं. मधे रबराची एक कडी.
'उभ्यानं पळत्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं,
आणि थेंब सांडायचा नाही,' हवालदार म्हणाले,
'एवढंच काम हिचं. चाळीस वर्षं केलं बिचारीनं.'
कडी बाहेर आली. खारकेसारखी सुकलेली,
एका जागी नखाएवढी चीर.
उभं राहताना ती जागा खाली आली तर सकाळी हवा गायब,
वर राहिली तर सगळं ठीक.
आणि मी तीन आठवडे पाइपांना शिव्या देत होतो.

नवी कडी कुठंच मिळत नाही.
खालच्या वाडीत हातपंप दुरुस्त करणारा बळवंत लोखंडे,
त्याच्याकडचं चामड्याचं वाशर ब्लेडनं कातरलं,
रात्रभर एरंडेलात भिजवलं, चहाच्या कपात.
(तो कप नंतर कुणीच घेतला नाही.)
बसवलं. हवालदारांनी बोल्ट आवळले,
शेवटचा पाव आटा माझ्याकडून.
'चामडं आहे. राहिलं तर राहिलं.'
आणि टायरवर खडूनं तारीख घातली,
हजेरीपटावर घालावी तशी.

रेघ मुद्दाम खाली ठेवून ट्रक उभा केला.
पहाटे चहाच्या आधी गेलो.
हवालदार पहिल्या एसटीनं निघून गेलेले,
दगडावर अंड्यांची टरफलं, तीही वाऱ्यानं निम्मी नेलेली.
बटण दाबलं नाही. काटा बघितला नाही.
एक लाथ घातली.

अंगठा अजून ठणकतोय.