डाव्या हाताला

लग्न ठरलं तेव्हा आत्या म्हणाली होती,
तांबटाच्या घरात झोप मिळायची नाही, बघ.
खरं होतं ते.
सकाळी आठला पहिला ठोका पडला
की फळीवरचे डबेसुद्धा हलकेच बोलू लागत,
आणि मी नवी नवरी, कपाळाला बाम चोळत,
घागरीच्या पोटात राहायला आल्यासारखी.

पुढे ठोके ओळखू आले.
मठार चालू असताना सलग, पावलं मोजल्यासारखे.
काठाशी आला की बारीक, जवळजवळ.
आणि दुपारी एक, मग दोन, मग गप्प:
म्हणजे भाकरी टाक, हात धुतोय.
हे आमचं कधी ठरलं, आठवत नाही.

टायफॉइड झाला त्या साली
तीन दिवस दुकानातून आवाजच आला नाही.
मला वाटलं, धंदा बसला.
भिंत धरत जिन्यापर्यंत गेले, वाकून पाहिलं,
तर हा चिंचेच्या चोथ्यानं
कधीचेच लख्ख झालेले तांबे पुन्हा घासत होता
आणि येवल्याच्या गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होता,
"पत्रा नाही हो आला अजून."
पत्रा त्याच्या पाठीमागेच होता,
गुंडाळून उभा केलेला.

ठोक्यांनी शेवटी त्याचा उजवा कान नेला.
डॉक्टरांनी दिलेलं यंत्र डबीत आहे,
सुपारीच्या शेजारी.
मी काही बोलले नाही.
त्याच्या डाव्या हाताला चालू लागले.

संध्याकाळी आम्ही निघतो
रविवार कारंज्यावरून होळकर पुलाकडे.
जाताना डावीकडचा फुटपाथ.
गाड्या त्याच्या बाजूला, कठडा माझ्या.
पण मालेगाव स्टँडवरून त्याच वाटेनं परतलं
तर सगळं उलटं होतं.
मी डावीकडे राहिले तर रिक्षा मला घासून जातात,
तो डावीकडे आला तर माझं बोलणं वाया.
म्हणून एवढा रस्ता ओलांडायचा,
हात दाखवत, बसवाल्याच्या शिव्या खात,
आणि पुलाच्या दुसऱ्या कडेनं घरी.
भेळवाला कमळू एकदा म्हणाला,
"रोज मरायला पलीकडे कशाला जाता, काकू?"
यानंच उत्तर दिलं,
"तिकडं वारा बरा असतो."

परवा पलीकडचा फुटपाथ खणून ठेवलेला.
स्टँडपाशी जरा घुटमळलो.
मग तो काही न बोलता माझ्या मागून फिरून
डावीकडे आला, गाड्यांच्या आणि माझ्या मधे.
मी त्याच्या बंद कानाशी.

पुलाच्या मध्यावर,
खाली गंगेत कुणी सोडलेला द्रोण
दगडाला अडून नुसता गोल फिरत होता,
तेव्हा मी बोलून टाकलं.
पस्तीस वर्षांत त्याच्या चांगल्या कानात
जे म्हणायला जीभ वळली नव्हती, ते.
नाव घेऊन. "मुरलीधर," म्हटलं, आणि पुढचं.
एक टँकर गेला. तो समोर बघत चालत होता.
वय छपन्न, आणि माझेच कान तापले.

घरी चप्पल काढता काढता त्यानं विचारलं,
"पुलावर काय म्हणत होतीस?"
"काही नाही. द्राक्षं संपली म्हटलं."

काल दुपारी ठोका पडला.
एक, मग दोन.
मग गप्प नाही. आणखी एक, अगदी हलका.
हा कशाचा, मी विचारलं नाही.
वर आला तो मण्यांची पिशवी घेऊन,
घडातून गळलेले, स्वस्तात मिळतात ते.
ताटाशी बसून एकेक बोटांत दाबून पाहिला.
पिवळट तेवढे माझ्या वाटीत.
हिरवे स्वतः खाल्ले,
एक डोळा मिटून.