एलियाचा उजवा हात

एलिया भालेराव 'दहावा' सोडून गेला
हे मला सातपूरला कळलं, सेकंड शिफ्टला.
लेथवर पितळेचा व्हॉल्व्ह फिरत होता
आणि मोईनचा मेसेज आला, तीनच शब्द:
गेला. पुण्याला. लोहभस्म.
व्हॉल्व्ह रिजेक्ट. साडेचारशे रुपये पगारातून कापले.
तेवढे मी एलियाच्या नावावर मांडून ठेवले.

आम्ही मोजून अकरा जण.
नाशकात लोकांना ढोल कळतो, भजन कळतं,
हा जात्यात दगड भरडल्यासारखा गळा
कोणाला कळणार?
जेल रोडला टायरच्या गोडाऊनमध्ये
शटर अर्धं ओढून ते वाजवायचे
आणि शेजारचा रसवंतीवाला वाकून विचारायचा,
"आत कोणाला फिट आलीय का?"

पण त्याचा उजवा हात.
मनगट हलताना दिसायचंच नाही,
चालत्या शिलाई मशीनची सुई दिसते का? तसं.
तारा इतक्या सैल, इतक्या खाली उतरवलेल्या
की सूर कानात नाही, दाढेत वाजायचा.
आणि कोसळायच्या आधी एक जागा
तो मुद्दाम रिकामी ठेवायचा.
अर्धा श्वास.
रामकुंडावर पिंड ठेवून
कावळ्याकडे बघत सगळे उभे असतात ना,
तेवढी शांतता.

बापानं जन्मभर प्रेसमध्ये नोटा छापल्या,
पोरानं आठ वर्षं फुकट वाजवलं.
रविवारी शरणपूरच्या चर्चमध्ये
त्याच गिटारवर, फक्त पेडल बंद करून, उपासनेची गीतं.
म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, किती शांत पोरगा.

बिटकोच्या टपरीवर आमची सभा भरली.
किरण पगारे म्हणाला, विकला गेला साला.
मी म्हणालो, कितीला?
आकडा कोणालाच सांगता येईना.
ज्या गाण्यात मुडदा उठून
स्वतःच्या पंचनाम्यावर सही करतो
ते विकत घेणारा मायचा लाल कोण?
तरी राग होता. असतोच.
प्राजू ढिकलेनं 'दहावा'चे चाळीस टी-शर्ट छापले होते,
तेवीस उरले.
तिची आई आता त्यांनी स्कूटर पुसते,
कवटीनं हेडलाइट लख्ख.

मग फेब्रुवारीत लोहभस्म नाशकात आलं.
पाथर्डी फाट्याजवळचं लॉन्स, स्टेजवर अजून
आदल्या रात्रीचं थर्माकोलचं 'शुभविवाह',
त्यातला 'वि' गळून पडलेला.
आम्ही ठरवून गेलो होतो:
पहिलं गाणं सुरू झालं की पाठ फिरवायची.
फिरवली.
समोर पार्किंग, डोश्याची गाडी,
आणि एक वॉचमन, ज्याला वाटलं
आम्ही त्यालाच बघायला आलोय.

नवा ड्रमर मोईनपेक्षा भारी होता.
हे मोईनच म्हणाला, दात आवळून.
गाणं पुण्याचं, शब्द पुण्याचे,
आमचं त्यात काहीच नव्हतं.
आणि मग ती जागा आली.
अर्धा श्वास.
पुढची गर्दी त्यातूनही ओरडत राहिली,
त्यांना काय माहीत तिथे थांबायचं असतं.
आम्ही अकरा जण मात्र गप्प झालो,
पाठमोरे, जसे गोडाऊनमध्ये व्हायचो.
मोईन पहिला वळला.
किरण शेवटी, शिव्या देत, डोळे पुसत,
म्हणाला डोश्याचा धूर.

कार्यक्रम संपल्यावर तो स्वतःच वायरी गुंडाळत बसला होता.
केस कापलेले. ओळखीचा हात, अनोळखी मान.
मी काय बोलणार होतो ते विसरलो.
तो म्हणाला, "प्राजू सांगत होती. व्हॉल्व्हचे किती?"
साडेचारशे, मी म्हणालो, कारण आलंच तोंडात.
त्यानं खिसे चाचपले. चारशे निघाले.
मी घेतले.
पन्नास बाकी आहेत.
मागणार नाही.
परत कधी भेटला तर
बोलायला काहीतरी असावं.