पाणी मारणारी

घरावरच्या पाटीत माझ्यासारखीचं नाव नसतं.
मिस्त्रीचं असतं कधीमधी, सेंट्रिंगवाल्याचंही.
मी नुसती पाणी मारणारी.
सकाळी एकदा, उन्हं चढली की एकदा, दिवेलागणीला एकदा.
गिलावा हातानं लागतो, पण पाण्यानं त्याची भिंत होते,
असं इलाही मिस्त्रीच म्हणायचा.
हजेरी मात्र अर्धी लावायचा.

पाटणात शेडगे गुरुजींचं घर.
पश्चिमेची भिंत थेट कोयनेकडच्या झडीच्या तोंडावर.
इथली जमीनही अधूनमधून कूस बदलते,
फळीवरची भांडी किणकिणतात, माणसं अंगणात येतात,
मग आत जाऊन राहिलेली फोडणी घालतात.
अशा गावात गिलावा करायचा म्हणून
मिस्त्री वाळू आधी काचेच्या ग्लासात ढवळायचा,
वर गाळ किती बसला ते बोटानं मोजायचा.
कॉलम आणि वीट भेटतात तिथं जाळी ठोकायचा,
"दोघांचा सोभाव येगळा. मधी कुणीतरी धराय पायजे."
छज्जाच्या पोटाला खाच, थेंबानं तिथूनच सुटावं,
भिंतीशी लगट करू नये.
खिडकीचा उंबरा बाहेर कललेला.
सिमेंट वाढवा म्हटलं गुरुजींनी, तर हसला,
"तापट माल आधी तडकतो."

सगळं केलं त्यानं.

अकरा वर्षांनी निरोप आला.
खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग,
आणि तिच्या अंगाला बारीक तडे,
कमी पाण्यात मळलेल्या भाकरीला जातात तसे.
आत कपाटामागं ओल, लोणा,
गुरुजींच्या बायकोच्या शालूवर बुरशीचे ठिपके.
कुणीतरी दोनदा पुट्टी भरून रंग फासलेला,
वरून कीर्तन, आतून तमाशा.

मिस्त्री आता परांचीवर चढत नाही, गुडघे.
खालूनच थापीच्या मुठीनं भिंत वाजवत गेला.
टण. टण. टण.
बद्द.
"वाळूच तसली आली आसंल," म्हणाला,
"न्हायतर हादऱ्यानं."
मी बोलले नाही.
बद्द आवाज कुठून कुठवर जाणार
ते मला न वाजवता ठाऊक होतं.

एप्रिल होता. चंदी तापानं फणफणलेली.
तीन दिवस सरकारी दवाखान्यात
तिच्या कपाळावरच्या पट्ट्या भिजवत बसले,
सगळं पाणी तिथं गेलं.
"मी मारतो की," म्हणाला होता गुरुजींचा पोरगा,
पण मॅचचे दिवस होते.
चौथ्या दिवशी आले तर भिंत पांढरीफट्ट,
हात लावला तर तवा.
मग दिवसभर मारलं पाणी. पालथ्या घड्यावर.
मिस्त्रीनं वहीत त्या तिन्ही दिवशी मला हजर मांडलं,
पोर आजारी म्हणून.
मी पैसे घेतले.

आता मिस्त्रीच्या पुतण्यानं, उमरनं,
बद्द भाग पार विटेपर्यंत पाडला.
भेग छिन्नीनं उघडी केली, नांगराच्या तासाएवढी,
धूळ झाडली, वीट भिजवली, जाळी मारली.
पहिला थर खरवडून ठेवला, दुसऱ्याला पकड मिळावी म्हणून.
वरून ओली पोती सोडली.
"सात दिवस, मावशी," म्हणाला.

सात झाले. आठव्या दिवशी मी आले,
नवव्या, दहाव्या,
सकाळच्या एसटीनं, वहीत न लिहिता.
"अगं, झालं की आता!" गुरुजींची बायको ओट्यावरून म्हणाली.
म्हटलं, भिंत अजून पितीय.
खरंच पीत होती. पाइप धरला की
बारीक सूंऽऽ येतं, कान अगदी जवळ न्यावा लागतो.

दहाव्या दिवशी दिवेलागणीला
आवाज आला नाही. पाणी तसंच ओघळून जोत्यावर आलं.
नळ बंद केला.
पदराला हात पुसून चंदीला फोन लावला,
कराडला असते ती, दोन पोरांची आई.
काय गं आये, मधीच?
काही नाही, म्हटलं.
अंग कसं आहे तुझं?